गाव मे महिन्यापुरतं, सातबारा बारमाही

मे महिना लागला की दादर, ठाणे, पनवेलहून कोकणात जाणाऱ्या गाड्यांत मुंगीलाही शिरायला जागा उरत नाही. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. मग कुणी खासगी बसवाल्याच्या मनमानी भाड्यापुढे मान तुकवतो, कुणी स्वतःची गाडी काढून मुंबई-गोवा महामार्गाला भिडतो. या प्रवासावर दरवर्षी दोन प्रकारचं लिखाण ठरलेलं असतं. एक म्हणजे महामार्ग कधी पुरा होणार. चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा हा प्रश्न विचारायचा सगळ्यांनाच हक्क आहे. दुसरं म्हणजे आजोळ, फणसाचे गरे, विहिरीचं गार पाणी. दोन्हींविषयी माझी काही तक्रार नाही. पण गावी जाणारा चाकरमानी नुसता प्रवासी नसतो आणि नुसता नातूही नसतो. तो जमीनमालक असतो. मालक म्हणून तो कसा वागतो, याची चर्चा कुठेच होत नाही, कारण ती करणारे आपणच असतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. जी जमीन आपण कसत नाही आणि यापुढेही कसणार नाही, ती गावात राहणाऱ्या माणसाला लेखी, मुदतीच्या खंडाने, म्हणजे भाडेपट्ट्याने, देणं हे आपलं काम आहे. तसं निर्धास्तपणे देता येईल असा कायदा करणं हे सरकारचं काम आहे. आज दोघंही आपापलं काम टाळतात, आणि त्याची किंमत मोजतो तो गावात मागे राहिलेला.

मागे राहिलेले किती, हे जनगणनेने सांगितलेलं आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून साडेआठ लाखांखाली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ बायका, सिंधुदुर्गात १,०३६; सगळ्या राज्याचं प्रमाण ९२९. हा आकडा मुली जपल्या जातात म्हणून कौतुकाने सांगितला जातो. त्यात ते थोडंफार असेलही, पण मुख्य अर्थ एवढाच की कर्ते पुरुष मुंबई-पुण्याला आहेत आणि घर, गुरं, शेत बायका आणि म्हातारी माणसं ओढताहेत. या आकड्यांनंतर वाडीवाडीत कुलुपं कमी झाली असतील असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

‘माझी जमीन आहे, पडीक ठेवीन नाहीतर काहीही करीन,’ हे वाक्य गावच्या ओटीवर हमखास ऐकू येतं. देशावरच्या सपाट रानात कदाचित ते खपेल. कोकणात खपत नाही, कारण इथली शेती उतारावरची आहे. भाताचे कुणगे एकाखाली एक असतात. पावसाचं पाणी वरच्या कुणग्यातून खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात असं उतरतं, आणि मधला प्रत्येक बांध दरवर्षी थापून नीट करावा लागतो. वरच्या मालकाने शेत सोडलं की पहिल्या पावसाळ्यात खेकडे बांध पोखरतात, दुसऱ्या वर्षी तो एका जागी फुटतो आणि तिसऱ्या वर्षी तिथून ओहोळच सुरू होतो. खालच्या शेतकऱ्याच्या लावलेल्या भातावर माती-गोटे येऊन बसतात. तो बांध त्याचा नसतो, त्यामुळे दुरुस्त करायला गेला तर ‘हद्दीत घुसला’ म्हणून मुंबईहून फोन येतो. नाही गेला तर त्याचं पीक जातं. दोन-तीन वर्षं हे सोसून तोही सोडून देतो, आणि मग त्याच्या खालच्याची पाळी येते.

वणव्याचं तेच. पडीक वरकस, म्हणजे भात न होणाऱ्या हलक्या, जमिनीत गवत आणि रानमोडी पुरुषभर माजते, पौष-माघात वाळून कोळ होते, आणि कुणाच्या तरी विडीने नाहीतर विजेच्या तारांच्या घर्षणाने पेटली की शेजारच्या काजूच्या बागेत घुसते. पाच-सात वर्षं पोसलेली कलमं एका दुपारी जातात. रानडुकरांना, वानरांना दडायला जागा तीच. वन्यप्राण्यांच्या उपद्रवाबद्दल आपण वनखात्याला शिव्या घालतो, त्यातल्या काही रास्तही आहेत. पण चार शेतं कसलेली आणि चाळीस रान झालेली असतील, तर डुकरं त्या चारांतच येणार. उरलेल्या शेतकऱ्याला राखण एकट्याने करावी लागते. पूर्वी अख्ख्या मळ्याची राखण मिळून व्हायची. पडीक जमीन ही म्हणूनच खासगी बाब उरत नाही. ती शेजाऱ्याचं नुकसान करते, आणि ते नुकसान कुठल्याच कागदावर येत नाही.

मग देत का नाही? ‘कूळ लागेल’ म्हणून. तीन पिढ्या मुंबईत काढलेला, भात कुठल्या महिन्यात लावतात हेही न सांगता येणारा माणूससुद्धा या बाबतीत कमालीचा जागरूक असतो. ही भीती निव्वळ अडाणीपणाची आहे असं म्हणायची सोय नाही, कारण तिला कायद्याचा आधार आहे. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा, तो घरातला, मजूर किंवा गहाणदार नसेल तर, कूळ मानला जातो. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी कसणाऱ्या कुळांना खरेदीदार मानण्यात आलं. त्यानंतर नव्याने कूळ झालेल्यालाही कलम ३२-ओ खाली वर्षाच्या आत खरेदीचा हक्क मागता येतो. म्हणजे भाऊबंदकीत नसलेल्या शेजाऱ्याला सरळ कागद करून जमीन खंडाने दिली, तर मालकाने स्वतःच पुरावा तयार करून दिल्यासारखं होतं. वकिलाला विचारा, तो सांगेल की काही लिहून देऊ नका. आणि काही लिहून द्यायचं नाही म्हटलं की बहुतेक जण देतच नाहीत.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हा कायदा वाईट नव्हता. कोकणात खोतांनी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांनी, काय केलं होतं हे ज्याला ठाऊक आहे, तो त्याला वाईट म्हणणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षं जमीन न कसता संप चालवला. खोती शेवटी १९४९ च्या कायद्याने गेली आणि कुळकायद्याने कसणाऱ्याला जमीन दिली. आज दिवा-बदलापुरातून मे महिन्यात गावी जाणाऱ्या कितीतरी कुणबी घरांचा सातबारा याच कायद्याने झालेला आहे. त्यांच्या आजोबांना जमीन मिळाली ती ते तिथे राबत होते म्हणून, आणि मालक दूर बसून नुसता खंड घेत होता म्हणून. आता नातू दूर आहे. तो खंडसुद्धा घेत नाही, फक्त कुणाला शिवू देत नाही. आजोबांच्या बाजूने असलेल्या कायद्याचं भय नातवाला वाटावं, हा काळाचा सूड म्हणा हवं तर. गंमत म्हणजे अशा बऱ्याच सातबाऱ्यांवर इतर हक्काच्या रकान्यात ‘कुळकायदा कलम ४३ ला पात्र’ असा शेरा असतो. ती जमीन विकायलाच काय, पट्ट्याने द्यायलाही मंजुरी लागते. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदीला दहा वर्षं होऊन गेलेल्या जमिनी आकाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरून विकायची वाट मोकळी केली. विकायची वाट सोपी करताना, कसायला द्यायची वाटही तितकीच सोपी करावी असं कुणाच्या मनात आलं नाही.

लोक द्यायला तयार नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. आंब्याकडे बघा. ज्या घराला बारा महिने कुलूप आहे, त्याच घराची हापूसची कलमं बिनदिक्कत कराराने दिलेली असतात. कारण तिथे विकला जातो मोहोर नाहीतर फळ; जमीन कसायला दिली असं होत नाही, म्हणून कूळ लागायची धास्ती नाही. बागायतदार फवारण्या करतो, पेटी भरतो, मालकाला ठरलेली रक्कम मोजतो. राखणीला आणि कामाला नेपाळहून आलेली कुटुंबं पावसाळा संपल्यापासून मेअखेरपर्यंत बागेतच राहतात. म्हणजे ‘गावात कसायला माणूसच नाही’ हेही अर्धसत्य. ज्यात चार पैसे आहेत आणि ज्याचा कागद होतो, त्याला माणूस नेपाळहूनसुद्धा येतो.

पण आंब्याच्या कराराचा दुसरा धडा जास्त महत्त्वाचा आहे. करार एक-दोन हंगामांचा असेल, तर घेणाऱ्याला झाडाच्या पुढच्या पंचवीस वर्षांशी कर्तव्य नसतं. हापूस एक वर्षाआड धरतो. त्यावर उपाय म्हणून पॅक्लोब्युट्राझोल, बागेतल्या भाषेत कल्टार, झाडाच्या विस्ताराच्या मापाने मुळाशी द्यायची शिफारस आहे. मापाने दिलं, खत-पाणी राखलं, तर झाड सोसतं. दोन वर्षांत पैसे वसूल करायचे असलेला माप बघत नाही. झाडाच्या फांद्या आखडतात, पालवी गुच्छासारखी येते आणि चांगलं कलम म्हातारं दिसू लागतं. मालकाला ते मे महिन्यात दिसतं, तेव्हा करार संपलेला असतो. त्यामुळे मी खंडाने द्या म्हणतो तेव्हा ‘अकरा महिन्यांचा कागद करा’ असं म्हणत नाही. अकरा महिन्यांसाठी घेणारा बांध थापणार नाही, विहीर उपसणार नाही, काजू तर लावणारच नाही. पाच, दहा, काजू-बांबूला पंधरा-वीस वर्षं अशी मुदत हवी, आणि ती संपल्यावर जमीन निमूट परत मिळेल याची खात्री मालकाला हवी. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. खात्री नाही म्हणून मुदत मिळत नाही, आणि मुदत नाही म्हणून जमिनीत पैसा पडत नाही.

हे अशक्य नाही. नीती आयोगाने २०१६ मध्ये टी. हक यांच्या समितीकडून शेतजमीन भाडेपट्ट्याच्या कायद्याचा नमुना तयार करून घेतला, राज्यांनी त्यावरून आपापले कायदे करावेत म्हणून. त्याचं सूत्र साधं आहे: मालकी मालकाची, कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि नुकसानभरपाई मिळण्यापुरती ओळख, मुदत संपली की जमीन परत. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. त्यात अकरा महिन्यांचा करार होतो. मालकीला धक्का लागत नाही, पण कसणारा बँकेपुढे आणि विमा कंपनीपुढे शेतकरी म्हणून उभा राहू शकतो. मुदत अपुरी आहे, हे वर म्हटलंच. सूत्र मात्र योग्य आहे. केरळात खंडाने जमीन द्यायला आपल्याहून कडक मनाई, तरी तिथल्या कुटुंबश्री या सरकारी योजनेच्या महिला गटांनी पंचायतीच्या मध्यस्थीने पडीक जमिनी घेऊन भात-भाजीपाला पिकवून दाखवला आहे. हजार पुरुषांमागे १,१२२ बायका असलेल्या जिल्ह्यात बचत गटांची वानवा नाही. वानवा आहे ती जमिनीच्या कागदाची. पापड-लोणच्यापलीकडे गट जात नाहीत अशी टीका करणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं, की शेती करायची म्हटली तर त्यांना पाच गुंठ्यांवरसुद्धा पीककर्ज उभं करता येत नाही.

आणि आजची सरकारी मदत कुणाला जाते? पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे आणखी सहा हजार सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात. प्राप्तिकर भरणारे वगळले आहेत, पण मुंबईत रिक्षा चालवणारा किंवा सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा खातेदार त्यात बसू शकतो. त्याला पैसे मिळू नयेत असं मी म्हणणार नाही, त्याचीही ओढाताणच आहे. पण त्याची जमीन तोंडी बोलीवर कसणाऱ्या शेजारणीला त्यातला एक रुपया नाही, अवकाळीने भात आडवं झालं तरी पंचनाम्यात तिचं नाव नाही.

आता आपल्याच घरात शिरू. सातबारा उघडला की बहुतेक ठिकाणी काय दिसतं? क्षेत्र एकोणीस-वीस गुंठे, त्यात पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी भाग, वेगळा, आकार रुपया-दीड रुपया. आणि नावांची रांग मात्र पान उलटून पलीकडे. त्यात पणजोबा असतात, ज्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. एका चुलत्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असतं आणि तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर स्वतः विरारला असतो. दोन नावं कुणाची हे वाडीतल्या एकाच म्हातारीला ठाऊक, आणि तिचं नाव त्यात नसतं. अशी जमीन खंडाने द्यायची तर सही कुणाची घ्यायची? कायदा उद्या झाला तरी ही गाठ सरकार सोडवणार नाही.

आणि ती सोडवायची बैठक बसते कधी, तर मे महिन्यातच, कारण तेव्हाच सगळे एका जागी सापडतात. त्या बैठकीत पहिलं काम काय निघतं, तर बहिणींची हक्कसोडपत्रं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात तो वडील हयात असोत-नसोत आहेच असं स्पष्ट केलं. महाराष्ट्राने तर हे १९९४ मध्येच केलं होतं. तरी माहेरपणाला आलेल्या बहिणीपुढे जेवणानंतर कागद सरकवला जातो. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. ज्या जमिनीसाठी हे केलं, ती पुढच्या जूनमध्येही पडीकच. एवढ्याने नुकसान थांबत नाही. कितीतरी घरांत त्यातलीच एखादी बहीण शेजारच्या गावात नांदत असते, खरोखर शेती करत असते. भावांपेक्षा ती जमीन तीच चांगली कसेल. तिचा वाटा काढून घेणं हा अन्याय तर आहेच, पण शेतीच्या हिशेबातही शुद्ध वेडेपणा आहे.

दोन आक्षेप उरतात. पहिला, भातशेती परवडतच नाही, मग खंडाने घेणार कोण? नुसत्या भाताने परवडत नाही, मान्य. पण भाताच्या वाफ्यात पावसाळ्यानंतर कलिंगड, चवळी, भाजीपाला घेणारे आहेत, वरकसात काजू आणि बांबू लावायला उत्सुक असलेले आहेत. दोडामार्ग-सावंतवाडीकडे केरळातून आलेल्यांनी रबर आणि अननसाच्या बागा उभ्या केल्या. त्यासाठी झालेली डोंगरतोड मला मंजूर नाही, पण जमीन निकामी आहे हा समज त्यांनी खोटा पाडला. विकत घेण्याइतका पैसा त्यांच्याकडे होता. गावातल्या पोराकडे तो नाही, म्हणून त्याला खंडाची गरज.

दुसरा आक्षेप भावनेचा: जमीन दुसऱ्याच्या हाती गेली की गावाशी नाळ तुटेल. मला उलटं दिसतं. पडीक जमीन सगळ्यात आधी विकली जाते. रान माजलं, हद्दीचे गडगे पडले, वहिवाट कुणाला आठवत नाही, मग एक दिवस दलाल येतो आणि सगळ्या वारसांच्या सह्या, ज्या खंडासाठी चाळीस वर्षांत जमल्या नव्हत्या, पंधरा दिवसांत जमवून दाखवतो. कसलेली जमीन विकताना माणूस दहादा विचार करतो, कारण ती काही देत असते.

दंडुका कायद्यात आजही आहे. त्याच १९४८ च्या कायद्याच्या कलम ६५ खाली लागोपाठ दोन वर्षं पडीक राहिलेल्या जमिनीचं व्यवस्थापन सरकारला हाती घेता येतं. ते वापरा असं मी म्हणणार नाही. तहसील कार्यालयांना आहे ती कामं झेपत नाहीत, आणि त्यातून कुणाचं भलं होण्याऐवजी खेपाच वाढतील. पण पडीक ठेवण्याचा अनिर्बंध हक्क मालकाला कधीच नव्हता, एवढं त्यातून कळावं.

आमदार-खासदार मुंबईतल्या गावमंडळांच्या मेळाव्यांना आवर्जून येतात, कारण मतं नाहीतर मतं वळवणारे तिथे बसलेले असतात. तिथे आपण मागतो काय, तर जादा गाड्या, सभामंडप, स्मशानाचा रस्ता. भाडेपट्ट्याच्या कायद्याची मागणी खरं तर याच मंडळांनी करायला हवी, कारण भीती मालकाची आहे आणि ती घालवा असं मालकानेच म्हटलं तर सरकारला टाळता येणार नाही. कायदा होईपर्यंतही हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरचं नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. मुद्रांक शुल्क आधीपासूनच नाममात्र आहे. मयतांच्या वारसनोंदी करून घेणं, बहिणींसह सगळ्यांच्या नावे वाटप करणं, ज्यांना सवड नाही त्यांनी एकाला नोंदणीकृत मुखत्यारपत्र देणं, एवढं झालं तर उद्याचा करार एका सहीवर होईल. याला सगळे वारस एकाच वेळी तालुक्याच्या गावी लागतात. परतीची तिकिटं काढतानाच एक कामकाजाचा दिवस जास्तीचा ठेवावा, आणि दुय्यम निबंधकाकडची वेळ मुंबईहूनच घेऊन निघावं.